तीन पावलं आणि करमरकर बाई

करमरकर बाईंनी मला पहिल्याच दिवशी वर्गाबाहेर उभं केलं. माझं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. चौथीत असताना गुरुजींनी बाहेर काढलेलं, त्यानंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. म्हणजे साठपासष्ट वर्षांनी पुन्हा तीच शिक्षा.

झालेलं एवढंच, की मी कळव्याहून रिक्षानं निघालो, मांडीवर पखवाज, आणि खाडीच्या पुलावर गाड्या अडकलेल्या. नौपाड्यातल्या त्या कॉलेजात पोचलो तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झालेली. दारात एक उंच, हडकुळी बाई उभी. मातकट रंगाची सुती साडी, केस पांढरे, खांद्याला गोणपाटाची पिशवी. म्हणाली, "अकरा म्हणजे अकरा. आता पंधरा मिनिटं बाहेर थांबा, मुलांचा व्यायाम चाललाय."

मी थांबलो. पंधरा मिनिटांनी त्या स्वतः बोलवायला आल्या. मी म्हटलं, आता मी आत येणार नाही. इथनंच वाजवतो. व्हरांड्यात बसकण मारली आणि तिथूनच पोरांना ताल शिकवायला लागलो. मला वाटलं, बाई विनवणी करतील. बाईंनी पोरांना सांगितलं, बाकडी उचला, दाराशी आणा. त्या दिवशी अर्धी पोरं आत, अर्धी बाहेर, मी व्हरांड्यात, अशी दोन तास तालीम झाली. दोघांपैकी कुणी हटलं नाही. निघताना म्हणाल्या, "उद्या अकरा."

दुसऱ्या दिवशी मी पावणेअकराला हजर. त्या साडेदहापासून आलेल्या.

बाई वनस्पतीशास्त्र शिकवायच्या. झाडापाल्याचं शास्त्र. राहायला डोंबिवलीत, नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन लांब दक्षिणेकडे. रिटायर व्हायला एक वर्ष उरलेलं. कॉलेजच्या सांस्कृतिक मंडळाचं काम कुणी घेईना म्हणून ते त्यांच्या गळ्यात पडलेलं. दरवर्षी सिनेमाच्या गाण्यांवर नाच व्हायचे. बाईंनी ठरवलं, यंदा दशावतार करायचा. आमच्या कोकणातला, राजा आणि राक्षस आणि देव नाचत, गात, भांडत येतात तो. का, तर लहानपणी सुट्टीत मामाकडे वेंगुर्ल्याला एकदा पाहिलेला आणि त्यातला राक्षस अजून डोळ्यांपुढून जात नाही म्हणे. एवढ्याशा भांडवलावर बाई उभ्या राहिल्या.

मला शोधून काढलं साहिलनं. हा आमच्या चाळीमागच्या गावातला आगऱ्याचा पोरगा, बाईंच्या कॉलेजात शिकणारा. देवळात मी, परबबुवा म्हणतात मला, भजनाला पखवाज वाजवतो ते त्यानं लहानपणापासून ऐकलेलं. तारुण्यात मी दोन हंगाम एका दशावतारी कंपनीत वाजवलं होतं. मग पोटासाठी ठाण्याच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, तिथंच जन्म गेला. पण हात विसरत नाहीत. पखवाज मला कुणी पाटीवर लिहून शिकवलेला नाही. ऐकला, वाजवला. माझ्या दोन्ही मुलांनी हातही लावला नाही, ते सोडा.

बाईंची एक खोड होती. नावाशिवाय कुठल्या वस्तूला त्या हात लावत नसत. "आधी नाव सांगा, मग काम." तालमीची खोली म्हणजे त्यांचीच प्रयोगशाळा. बरण्या, वाळवलेली पानं, सगळ्यांवर चिठ्ठ्या डकवलेल्या. चार दिवसांत मुकुटावर चिठ्ठी, गदेवर चिठ्ठी, दाढीवर चिठ्ठी. माझ्या पखवाजालाही एक लागली: 'पखवाज. आडवाच ठेवावा.' मी ती काढून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागली. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक थापावी लागते, तेव्हा तो घुमतो. हे कळल्यावर बाई रोज डोंबिवलीहून डब्यात कणीक भिजवून आणायच्या. डब्यावर चिठ्ठी, तिच्यावर तारीख. मी सांगितलं, बाई, कालची चालते. म्हणाल्या, "तुम्हाला चालत असेल. तिला बुरशी येते."

रस्त्यानं त्या सगळ्यांच्या पुढे चालायच्या, आणि बोलायच्या मात्र मागच्याशी. आपण पळत जाऊन ऐकायचं. मुकुटांची बेगड आणायला आम्ही जांभळी नाक्याच्या बाजाराला गेलो तर बाजार येईपर्यंत वाटेतल्या नऊ झाडांची त्यांनी आम्हाला ओळख करून दिली. एका रिक्षावाल्यानं झाडाला टेकून पान खाऊन पिंक टाकली. बाईंनी त्याला झाडाचं नाव, गाव, ते किती वर्षांचं असेल ते सगळं सांगितलं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, मावशी, परत नाय टाकणार.

विद्यार्थ्यांना त्या अहो-जाहो करायच्या. अहो साहिल, अहो श्रुती. पोरांना आधी हसू यायचं, मग धाक बसायचा. अहो म्हणणाऱ्या माणसाला फसवता येत नाही. आणि कौतुक? ते दुर्मीळ. कुणी चांगलं काम केलं की दोन क्षण बघायच्या आणि म्हणायच्या, "जगलंय." रोप लावल्यावर म्हणतात तसं. पोरं त्या एका शब्दासाठी धडपडायची.

कथा ठरली बळी आणि वामनाची. बळीराजा दानशूर, विष्णू बुटका बटू होऊन येतो, तीन पावलं जमीन मागतो, राजा पाणी सोडून वचन देतो आणि बटू एवढा वाढतो की दोन पावलांत पृथ्वी आणि आकाश संपतं. तिसरं पाऊल बळी स्वतःच्या डोक्यावर घेतो. बळी झाला साहिल. दांडगा, आवाज खाडीपलीकडे जाईल असा. वामन झाला निनाद. पहिल्या वर्षाचा, डोंबिवलीचा, चष्मा काढला की आणखीच लहान दिसणारा. वर्गात पहिला येणारा. सांगितलेलं सगळं त्याला एकदा ऐकून पाठ.

श्रुती म्हणून मुलगी होती, तिला बाईंनी राक्षसांचे गुरू शुक्राचार्य दिले. तिथं माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, आमच्या दशावतारात बायका नाहीत. राणीसुद्धा पुरुषच होतो. हे चालायचं नाही. बाईंनी बेगड कापता कापता विचारलं, "तुमच्याकडे पुरुष साडी नेसून येतो ते देवाला चालतं ना? मग ही दाढी लावून येईल. फिटंफाट." मी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्या पोरीनं दाढी लावून असा काही डोळा वटारला की माझा हात आपसूक पखवाजावर पडला. हात पडला म्हणजे मी हरलो. तसं कबूल मात्र केलं नाही.

खरं भांडण झालं ते कागदावरून. बाईंनी सुट्टीत बसून एका लांब रजिस्टरात अख्खं नाटक लिहून आणलं. प्रत्येक वाक्यापुढे नाव, प्रत्येक पानाला आकडा. मला वाचायला दिलं. मी म्हटलं, हे घेऊन जा. दशावतारात कागद नसतो. कंपनीचा मालक रंगपटात बसून कथा सांगतो, कामं वाटतो, आणि नट रंगभूमीवर जाऊन आपल्या तोंडानं बोलतात. आज एक बोलतील, उद्या दुसरं. समोरचा पेच टाकेल तर आपल्या अकलेनं सोडवायचा.

"म्हणजे अभ्यास न करता परीक्षेला जायचं?"

"मी कागद नको म्हटलं बाई. अभ्यास नको कुठं म्हटलं?"

त्या काही पटवून घेणाऱ्या नव्हत्या. पुरावा हवा म्हणाल्या. योगायोगानं त्या आठवड्यात गावाकडची एक कंपनी आलेली. एक संध्याकाळ डोंबिवलीला मालवणी जत्रेत, दुसरी कळव्याला आमच्या मैदानात. दोन्हीकडे नाटक एकच. बाई दोन्ही संध्याकाळी पुढच्या रांगेत, हातात वही. नट जे बोलेल ते भराभरा लिहून घेत होत्या. राक्षस करणाऱ्या नटानं मध्येच त्यांच्याकडे बघून विचारलं, काय गो बाय, माझ्यार केस घालतलंस की काय? सगळं मैदान हसलं. बाईंनी तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. तासभर बोट फिरवत होत्या. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसलो. शेवटी वह्या मिटल्या आणि पोरांना म्हणाल्या, "एकही वाक्य जुळत नाही. कथा मात्र दोन्हीकडे तिथंच पोचली. परबबुवा म्हणतात ते बरोबर आहे. कागद मिटा."

मी अनेक शिकलेली माणसं पाहिली. कारखान्यात साहेब पाहिले. आपलं चुकलं हे सगळ्या पोरांसमोर, आवाज न बदलता सांगणारं माणूस मी हे एकच पाहिलं. आणि त्या रजिस्टराचं त्यांनी काय केलं? त्याच्या पानांत झाडांची पानं वाळत घातली. म्हणाल्या, कागद चांगला जाड आहे.

तालमी रंगल्या. साहिलला पाठांतर कधीच जमलं नसतं. "बुवा, मना पाठ होत नाय," म्हणायचा. कागद गेल्यावर तो सुटला. त्याच्या घरी पूर्वी भातशेती आणि मिठागरं होती. आता तिथं इमारती आहेत. जमिनीच्या गोष्टी तो पाळण्यात ऐकत आलेला. त्यामुळं तीन पावलं जमीन म्हटलं की त्याच्या बळीला बोलायला कमी पडायचं नाही. निनादचं उलटं. कागद गेल्यावर तो पाण्याबाहेर काढल्यासारखा झाला. उत्तर बरोबरच हवं असं त्याचं. बरोबर सापडेपर्यंत गप्प.

बाईंनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, प्रयोगात मुलगा अडला तर तुम्ही वाजवायला सुरुवात कराल ना? म्हणजे त्याला उसंत मिळेल. मी म्हटलं, नाही. आमच्या मालकाचा नियम होता. वादात सापडलेल्याला वाजवून सोडवायचं नाही. अडू दे. एकदा नीट अडला की जन्मात अडत नाही.

बाईंनी एका बरणीवरची चिठ्ठी सरळ केली. मग म्हणाल्या, "पाणी तोडलं की झाड मुळं खोल नेतं, हे खरं आहे. पण किती दिवस तोडायचं ते माळ्याला कळावं लागतं."

मी मान हलवली. पण नियम सोडला नाही.

या सगळ्यामागे एक गोष्ट होती, ती आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. प्राचार्यांना हे प्रकरण फारसं पसंत नव्हतं. त्यांनी बाईंना सांगितलेलं, कल्याणला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहे, तिथं पहिल्या फेरीतून पुढं गेलात तर दशावतार दरवर्षी होईल, त्याला खोली मिळेल, वेळ मिळेल. नाही गेलात, तर तुमच्या बरोबर तोही रिटायर. बाईंना बक्षिसाचं काही नव्हतं. आपण गेल्यावर हे राहावं, एवढंच. घरी त्यांच्या गच्चीवर शंभर कुंड्या होत्या. त्या कुणाकुणाला द्यायच्या त्याची यादी आधीच तयार होती. फक्त हे एक रोप कुणाकडे सोपवायचं ते ठरत नव्हतं.

स्पर्धेचं माहितीपत्रक त्यांनी तीनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. वादक म्हणून बाहेरची माणसं चालतील. पण रंगभूमीवर येऊन बोलणारा प्रत्येक जण विद्यार्थीच असला पाहिजे, नाहीतर प्रवेशिका बाद. झांजेला ताल धरील असं एकही पोर मिळेना, म्हणून झांज बाई स्वतः घेणार होत्या. चिमट्यानं पान उचलावं तसं वाजवायच्या, पण तालाला पक्क्या.

कल्याणचा तो दिवस. दुपारची वेळ, सभागृह भरलेलं, समोर तीन परीक्षक. आम्ही वादक रिवाजाप्रमाणे रंगभूमीवरच एका अंगाला बसलेलो. पेटीवर एक विद्यार्थी, मधे मी, माझ्या शेजारी बाई. सिंहासन म्हणून एक साधं बाकडं. दशावतारात तेवढंच लागतं.

सुरुवात झकास झाली. साहिल आला तो नाचतच आला. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. श्रुतीच्या दाढीला टाळ्या पडल्या. मग निनाद आला, हातात छत्री, बारीकसा, आणि तीन पावलं जमीन मागितली. आता बळीनं हातात झारी घ्यायची आणि पाणी सोडून वचन द्यायचं. साहिलनं झारी घेतली. आणि थांबला. त्याच्या तोंडावर काहीतरी आलं. ते तालमीत कधी आलेलं नव्हतं.

"बटू, जमीन देतो," तो म्हणाला. "पण कुठल्या पायानं मोजणार ते आधी सांग. आत्ता दिसतोय त्या पायानं, का मोजताना वाढेल त्या पायानं? माझ्या आजोबांच्या दारात पण असंच एक जण आलेलं. मागताना पाय एवढासा. मोजायला लागलं तर पाऊल पार डोंगराला टेकलं."

सभागृह आधी हसलं. मग टाळ्यांचा पाऊस. कल्याण-डोंबिवलीची पब्लिक ती. प्रत्येकाच्या घरात हे कुणी ना कुणी बघितलेलं.

आणि वामन गप्प. काय बोलणार? याच पायानं म्हणाला तर देव खोटं बोलला. वाढेल त्या पायानं म्हणाला तर कथाच मोडली. निनादला दोन्ही दिसत होतं, म्हणूनच त्याचं तोंड उघडत नव्हतं. छत्री हलायला लागली. टाळ्या थांबल्या. तो परीक्षकांकडे बघत होता, साहिलकडे बघत होता. साहिललाही कळलं की आपण काय करून बसलो, पण सोडलेला प्रश्न त्याला परत घेता येईना. मागून कुणीतरी ओरडलं, अरे बोल ना, देव आहेस ना.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. एक थाप मारली असती, गाणं सुरू झालं असतं, पोरगं सुटलं असतं. माझे हात पखवाजावरच होते. मी वाजवलं नाही. खोटं कशाला सांगू, नियमाचं मनात होतंच, पण त्याहून जास्त, मला गंमत वाटत होती. इतक्या वर्षांनी खरा पेच बघत होतो. बघू या वामन काय बोलतो, असं मनात. त्या गमतीपायी मला पोराची हलणारी छत्री दिसली नाही. बाईंना दिसली.

त्यांनी झांज खाली ठेवली. चिठ्ठी लावलेल्या पिशवीवर, आवाज होणार नाही अशी. उठल्या, आणि सरळ दोघांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, नाटक थांबवतायत. बाईंनी पदर खोचला.

"मी भूमी," त्या म्हणाल्या. "तो देतो, हा मागतो. मला कुणी विचारलंय?"

वर्गात शिकवायच्या तोच आवाज. चढवला नाही, उतरवला नाही. मातकट साडीतली ती बाई उभी राहिली आणि तुम्हाला सांगतो, वेगळा पोशाख लागला नाही. साहिलला भान आलं. त्यानं वाकून नमस्कार केला, म्हणाला, माते, मग तूच याला विचार, कुठल्या पायानं.

बाई निनादकडे वळल्या. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"विचारायचं काय? तुला उत्तर मिळालंय राजा. हा गप्प आहे. कारण याला खोटं बोलता येत नाही. वाढणार आहे तो, दिसतंय मला. न समजता दिलंस तर ती फसवणूक. आता तुला समजलंय. समजून देतोस का, ते बोल."

साहिल त्या झारीकडे बघत राहिला. मग मान वर केली आणि म्हणाला, "समजून देतो."

पाणी सुटलं. माझे हात कधी सुरू झाले मला कळलं नाही. बाई येऊन जागेवर बसल्या, झांज उचलली, दुसऱ्या मात्रेला बरोबर धरली. निनाद बाकड्यावर चढला तेव्हा छत्री स्थिर होती. शेवटी अख्खं सभागृह उभं राहिलं.

परीक्षकांना काही विचारावं लागलं नाही. पडदा पडल्यावर बाई स्वतः त्यांच्या टेबलापाशी गेल्या, आपलं नाव आणि हुद्दा सांगितला. म्हणाल्या, नियम मला माहीत होता. त्यांच्यातल्या वयस्क गृहस्थांनी उठून हात जोडले. पण प्रवेशिका बाद झाली. होणारच.

परतीला निनाद रडून रडून डोळे सुजवून बसलेला, माझ्यामुळं झालं म्हणत. बाईंनी त्याला चणे दिले आणि म्हणाल्या, अहो निनाद, तुमचं काही चुकलेलं नाही, जगात सगळ्याच प्रश्नांना उत्तर त्याच दिवशी येत नाही. मला राहवेना. मी म्हटलं, "बाई, मी वाजवायला हवं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "हवं होतं."

बाकी काही नाही. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, जाऊ द्या बुवा, चालायचंच. बाईंनी माझी चूक माझ्याजवळच ठेवली. त्याबद्दल मी त्यांना मानतो.

प्राचार्यांनी शब्द पाळला. खोली बंद झाली. मुकुट आणि दाढ्या एका खोक्यात भरून बाईंनी साहिलच्या हवाली केल्या. एप्रिलअखेर त्या रिटायर झाल्या. निरोप समारंभात काय झालं मला ठाऊक नाही. मला बोलावलं होतं, मी गेलो नाही. तोंड दाखवायची लाज वाटत होती आणि लाज वाटते हे कबूल करायचं नव्हतं.

मे महिन्यात एका सकाळी माझ्या दारात साहिल आणि निनाद. मागे श्रुती. साहिलच्या गावात गावदेवीची जत्रा होती, गावकऱ्यांनी त्यांना दशावतार करायला बोलावलेलं. कॉलेज नाही, प्राचार्य नाही, कुणाची परवानगी नाही. खेळायचं तर आपलं आपण. साहिल म्हणाला, बुवा, चलशील ना? मी म्हटलं, वाजवीन, पण माझी एक अट आहे. तिघांचे चेहरे पडले. त्यांना वाटलं म्हाताऱ्याचा आणखी एक नियम. मी म्हटलं, कुणी अडला तर मी वाजवणार. तेव्हा मला अडवायचं नाही.

निनाद म्हणाला, "वाजवा बुवा. पण आधी जरा थांबा. मला बघू दे."

तालमी माझ्या चाळीच्या गच्चीवर झाल्या. या खेपेला चार नवी पोरं आली, त्यातली दोन साहिलच्या गावातली, कॉलेजची पायरी न चढलेली. एकाचा हात पखवाजाला चांगला आहे. त्याला मी शिकवतोय. पाटीवर लिहून नाही, ऐकवून.

बाई जत्रेला येतील असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मुलीकडे कायमच्या जायच्या होत्या, सामान बांधून झालेलं. पण आल्या. रंगपटात आल्या नाहीत. मांडवात कडेच्या खुर्चीवर बसल्या. संध्याकाळची वेळ, गावच्या बायका, पोरंटोरं, मिरवणुकीतून आलेली माणसं, रिक्षावाले रिक्षा कडेला लावून टपावर चढलेले. मी पखवाज घेऊन बसलो तिथून सगळा मांडव दिसत होता.

त्या दिवशी साहिलनं वेगळाच प्रश्न काढला. झारी हातात घेऊन म्हणाला, बटू, तीनच पावलं का? चौथं कुणासाठी ठेवलंयस? त्याचा आजा पुढच्या रांगेत बसलेला, तो मांडीवर हात मारून हसला. माझा हात उचलला गेला. निनादनं डोळ्याच्या कोपऱ्यातनं मला बघितलं आणि हलकेच मान हलवली. नको.

मग छत्री मिटली, राजाच्या बाकड्यावर जाऊन टेकला, आणि म्हणाला, "चौथं तुझं आहे राजा. तू जिथं टाकशील तिथून मी मागं सरेन."

मांडव गरजला. तसं कुठल्या पोथीत आहे का मला माहीत नाही, मी वाचलेली नाही. मी बाईंकडे बघितलं. खुर्ची रिकामी.

त्या मांडवाबाहेर रस्त्याच्या कडेला होत्या. एका रिक्षावाल्याला काहीतरी विचारत होत्या. त्यानं टपावरूनच नाही अशी मान हलवली, नजर आमच्याकडे. दुसऱ्यापाशी गेल्या. त्यानं तर बघितलंही नाही, तोंडावर बोट ठेवलं आणि पुढे वाकला. तिसऱ्याच्या रिक्षात त्याचीच दोन पोरं उभी होती. बाई क्षणभर थांबल्या. मला हाक मारावीशी वाटली, पण हात गुंतलेले. तिसरं पाऊल साहिलच्या डोक्यावर यायचं होतं.

एकही रिक्षा हलायला तयार नव्हती. बाईंनी पिशवी खांद्यावर नीट घेतली आणि स्टेशनच्या दिशेनं चालत निघाल्या.